मिरच्या वाळेपर्यंत

मे महिन्यात वसईच्या पापडीतल्या बाईला कुंपणाशी उभं राहायला निमित्त लागत नाही, पण असलेलं बरं. मावशीकडे यंदा तीन किलो मिरची होती. खळ्यात चटईवर पसरलेली: बरीचशी काश्मिरी रंगाला, थोडी रेशमपट्टी, आणि मूठभर संकेश्वरी, "नुसतं लालभडक दिसून काय करायचंय, झोंबायला नको?" म्हणून. बाटली मसाल्याची मिरची उन्हात टाकली की तिला सोडून कुठं जाता येत नाही. कोंबड्या येतात, पोरं तुडवतात, आणि मेच्या शेवटी आभाळाचा भरवसा नसतो. तेव्हा मावशी मेंदीच्या कुंपणाला लागून स्टूल टाकते आणि हातात काठी घेऊन बसते. अलीकडे ओट्यावर मी. काठी तिच्या हातात, पुस्तक माझ्या हातात, आणि दोघींचं लक्ष रस्त्यावर.

"काय वाचतेस गं बाय?"

"कादंबरी. इंग्रजी."

"कशावर?"

"एक फादर प्रेमात पडतो त्यावर."

काठी खाली पडली. कोंबडीनं तेवढ्यात एक काश्मिरी उचलली.

"कुठले फादर?" मावशीचा आवाज एकदम वेदीजवळ बोलतात तसा झाला. गेल्या चाळीस वर्षांत आपल्या धर्मग्रामात येऊन गेलेले सगळे फादर तिच्या डोळ्यांपुढून रांगेनं चाललेत, हे मला इकडून दिसत होतं.

"आपले नव्हेत. अमेरिकेतले, एपिस्कोपल चर्चचे. त्यांच्यात धर्मगुरूला लग्न करता येतं."

"मग आधी सांगावं. माझं बीपी आहे ठाऊक आहे ना तुला?"

मग सांगणं आलंच. जॅन कॅरन नावाच्या बाईंनी लिहिलेलं 'अ‍ॅट होम इन मिटफोर्ड'. पुस्तक आलं 1994 मध्ये, पण त्याआधी ते त्यांच्या डोंगरातल्या छोट्या गावच्या साप्ताहिकात आठवड्याला एक तुकडा असं छापून येत होतं. मिटफोर्ड हे गाव मनातलं. त्यातले फादर टिम साठीला आलेले, कधी लग्न न केलेले. वरून मधुमेह. आणि गावात एका बाईच्या हातचा संत्र्याच्या मार्मलेडचा केक असा, की त्याच्यापुढं भल्याभल्यांचा संयम सुटावा. फादरच्या शेजारच्या घरात सिंथिया राहायला येते. मुलांची पुस्तकं लिहिणारी, चित्रं काढणारी, एक लग्न मोडलेलं, सोबतीला एक पांढरी मांजर. दोन घरांच्या मध्ये कुंपण.

"कसलं? भिंतीचं?"

"नाही, झुडपांचं. ह्या आपल्या मेंदीसारखं."

मावशीनं मेंदीकडे नवीन नजरेनं पाहिलं. "मग?"

"मग ती त्या कुंपणातून ये-जा करते."

"किती पानांचं आहे?"

"चारशेच्या वर."

"आणि लग्न?"

"ते पुढच्या भागांत."

"चारशे पानांत लग्न नाही! मग करतात काय माणसं?"

"जेवतात. प्रार्थना करतात. आजारी माणसांना बघायला जातात. आणि लाजतात."

"साठाव्या वर्षी?"

"साठाव्या वर्षीच जास्त. विशीत लाजायला वेळ कुठं असतो?"

हे तिला पटलं. पण तिला खरा आवडला तो कुत्रा. बार्नबस नावाचा भला दांडगा कुत्रा फादरच्या गळ्यात पडतो, अक्षरशः. तो अंगावर झेपावला की फादर मोठ्यानं बायबलमधलं एखादं वचन म्हणतात आणि कुत्रा जागच्या जागी गप्प बसतो. मावशी हसता हसता स्टुलावरून पडायची राहिली. आंब्याखाली पडलेल्या तिच्या मोत्यानं एक डोळा उघडून आमच्याकडे पाहिलं. ह्या मोत्याचा पोस्टमनशी जुना वाद आहे, मासेवालीशी आहे, माझ्याशीही आहे.

"असली एखादी मराठीत का नाही गं?" मावशी म्हणाली. "आपल्याकडे प्रेम म्हणजे कॉलेज. नाहीतर मग एकदम मरणच."

मी म्हटलं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात तिची नायिका विधवा आहे, शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', 1857 ची. बाबा स्वतः 1854 मध्ये बेळगावात बाप्तिस्मा घेतलेले. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, वाटेत गावोगावच्या विधवांचे हाल बघते, मग तिचाच नवरा जातो.

"सत्तावन्न साली? तिकडे बंड चाललं होतं आणि इकडे हा माणूस बाईचं दुसरं लग्न लावत होता?" मावशी थोडा वेळ गप्प बसली. तिच्या बाबतीत ही मोठी गोष्ट. "म्हणजे मराठीतली पहिली नायिका आपल्यातली! आणि मला शाळेत कुणी बोललं नाही."

पण खरं सांगायचं तर 'यमुनापर्यटन' हसवत नाही. हसवायला ती लिहिलेलीच नाही. बाबांना समाजाला जागं करायचं होतं, आणि जागं करणारा माणूस सहसा गुदगुल्या करत नाही. शिवाय यमुना तरुण. पन्नाशीतल्या बाईला कुणी आवडला, तिनं आरशात बघून केसांना कलप लावला, आणि मग मिस्साला जाताना पुन्हा धुऊन टाकला, असलं काही त्यात नाही. ती जागा आमच्या भाषेत रिकामीच राहिली. आणि वसईला लिहिणाऱ्यांची वाण तर कधीच नव्हती. 'सुवार्ता' मासिक किती वर्षं घरोघर येतं. ते सांभाळणारे नंदाखालचे फादर दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पर्यावरण झालं, बायबलचं भाषांतर झालं, पण पन्नाशीतलं प्रेम कुणाच्या अजेंड्यावर आलं नाही.

"मग तू लिही," मावशी म्हणाली. "मी सांगते."

इथं कुंपणाचा एक नियम नोंदवून ठेवते. आमच्या कुंपणावर नाव घेत नाहीत. वर्णन कितीही करा. माणूस कुठल्या वाडीतला, कुणाचा जावई, कुठल्या बाकावर बसतो, सगळं चालतं. नाव घेतलं की ती चहाडी, तोवर ती गप्पा.

"नायक विधुर," मी सुरुवात केली. "पंचावन्नचा. केळीची वाडी, विहीर, मुलगी लग्न होऊन मीरा रोडला, मुलगा दुबईत."

"हा तर सांडोरचा..."

"मावशी!"

"नाव कुठं घेतलं मी? बरं, त्याला स्कूटर दे. जुनी, बजाजची."

"स्कूटर कशाला?"

"गाडीवाला माणूस काच वर करून निघून जातो. स्कूटरवाला थांबतो." तिनं हे अशा ठामपणे सांगितलं की मी लिहून घेतलं. "आणि बाई?"

"शाळेतली. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. भावांचं करता करता स्वतःचं राहून गेलं."

"अशा तर आपल्याकडे गल्लीला एक आहे. भेटतात कुठं? गायनमंडळात नको. तिथं सगळेच भेटतात आणि सगळेच भांडतात."

बराच खल झाला. सुरुचीच्या किनाऱ्यावर? तिथं पोरंपोरी असतात. पापडीच्या तळ्याकाठी? म्हणजे मग पत्रिकाच छापा. शेवटी जागा मावशीनं काढली आणि ती ऐकून मी मनातल्या मनात पुस्तक मिटलं: बंगलीचं कार्डिनल ग्रेशस हॉस्पिटल, सकाळी साडेसात, साखर तपासायची रांग.

"उपाशीपोटी एकदा रक्त घेतात," मावशी बोट वर करून सांगू लागली, "मग खायला लावतात, आणि दोन तासांनी पुन्हा. त्या दोन तासांत माणूस जाणार कुठं? घरी जाऊन परत येणं परवडत नाही. बाकावर बसायचं. तिनं डब्यात दोन इडल्या आणल्यात, त्यानं काहीच आणलं नाही, कारण त्याला कोण बांधून देणार? झालं."

दोन तास म्हणजे एक अख्खं प्रकरण. आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा एक. कॉलेजातल्या प्रेमाला असलं वेळापत्रक मिळत नाही.

पण प्रेम जमवणं सोपं निघालं, लग्नाला आम्ही अडलो. तरुण पोरगी आईबापांची परवानगी मागते. पंचावन्नच्या बापाला ती मागावी लागते पोटच्या पोरीकडे, आणि पोरी आपल्या आईबापांपेक्षा कडक असतात. मुलगी मीरा रोडहून येणार. गोड बोलणार. "डॅडी, तुम्हाला सोबत हवी तर आमच्याकडे या ना," म्हणणार. तिच्या मनात काय असेल?

"आईची आठवण," मावशी म्हणाली.

"ती आहेच. त्याच्या खाली?"

"सातबारा."

मग मी कायदा सांगितला. आपल्या ख्रिस्ती लोकांना 1925 चा भारतीय वारसा कायदा लागतो. मृत्युपत्र न करता माणूस गेला तर बायकोला एक तृतीयांश आणि मुलांना मिळून दोन तृतीयांश. आणि दुसरं म्हणजे, लग्न केलं की माणसानं आधी करून ठेवलेलं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. कलम 69.

"आपोआप? कुणी फाडायचं नाही, काही नाही?"

"काही नाही. वेदीपुढं हो म्हटलं की बायको आली आणि मृत्युपत्र गेलं."

"तिसरा हिस्सा!" मावशीनं काठी मांडीवर आडवी ठेवली. "आणि विहीर कुणाच्या वाट्याला?"

विहिरीवर बराच वेळ गेला. ते इथं देत नाही. एवढंच सांगते की मिटफोर्डच्या गोष्टीत हे कुठं येत नाही आणि पापडीच्या गोष्टीत ते टाळता येणार नाही. वसईत माणसाच्या मनाच्या मोजमापाचा फॉर्मही गुंठ्यातच भरतात. आमच्या कादंबरीतला खलनायक कुणी मिशावाला नाही, तलाठ्याच्या सहीचा कागद आहे. तो सोडवायचा तर बाईला एक वाक्य द्यावं लागेल. मी सुचवलं, बाई म्हणते, "मला जमीन नको, फक्त तुम्ही हवे."

"खोटं," मावशी म्हणाली. "शिक्षिका आहे ती. ती म्हणेल, आधी नवीन मृत्युपत्र करा, मुलांच्या नावावर वाडी लिहा, मला राहत्या घरात मरेपर्यंत राहण्याचा हक्क ठेवा, मग तारीख काढू. अशी बाई पाहिजे. मुलगी उलट गळ्यात पडेल तिच्या."

बाई आम्हाला दोघींना तिथंच आवडायला लागली.

पुढं आली पुकार. विधुराला पहिल्या बायकोच्या मृत्यूचा दाखला लागणार, दोघांना आपापल्या धर्मग्रामातून कागद लागणार, लग्नाआधीचा कोर्सही आहे. पंचावन्नचा नायक बावीस वर्षांच्या पोरांच्या मध्ये बसून 'कुटुंबनियोजन' ऐकतोय, हे दृश्य मावशीनं दोनदा करून दाखवलं. मग रविवारी मिस्साच्या शेवटी नावं वाचायची. आपलं कृपामातेचं चर्च तर 1998 मध्ये वसई धर्मप्रांत झाल्यापासून कॅथेड्रल. तिथं वाचलेलं नाव अर्नाळ्यापर्यंत पोचायला दुपारचं जेवणही व्हावं लागत नाही.

"लोक काय काय बोलतील," मी म्हटलं.

"बोलू देत. त्यासाठीच तर वाचतात ना?"

तिनं हे थट्टेनं म्हटलं, पण ते शब्दशः खरं आहे. लग्नाआधी जाहीर पुकार करायची ही रीत सगळ्या चर्चला लावली 1215 मध्ये लॅटरनच्या चौथ्या परिषदेनं. लपूनछपून लग्नं होत, मग कुणाची आधीची बायको निघे, कुणाचं जवळचं नातं. ट्रेंटच्या परिषदेनं 1563 मध्ये तीनदा पुकारायचं ठरवलं. आजच्या चर्चच्या कायद्यातही, कलम 1069, लग्नाला काही अडथळा आहे हे ज्याला ठाऊक असेल त्यानं ते धर्मगुरूला किंवा बिशपला सांगायलाच हवं.

मावशीनं पदर सारखा केला. "म्हणजे आपण बसतो हे..."

"कायद्यात आहे."

"आठशे वर्षं! आणि तुझे काका मला म्हणायचे, घरात बस."

तेव्हा मला त्या सगळ्या गोड इंग्रजी कादंबऱ्यांतली एक गोष्ट उमगल्यासारखी झाली. तरुणांच्या गोष्टीत शेजारीण आडवी येते, म्हणून ती वाईट. मध्यमवयात कुणी आडवं यायला उरलेलं नसतं. आई गेलेली, बाप गेलेला, वहिनीला वेळ नाही. मग ह्या दोघांचं काहीतरी चाललंय हे त्यांना स्वतःला कळायलाच शेजारीण लागते. तिनं "काय हो, हल्ली साखर वरचेवर तपासता?" असं विचारलं नाही तर ते दोघे आणखी दहा वर्षं रक्त देत बसतील.

"रूथचं पुस्तक वाचलंस का?" मावशी म्हणाली. बायबलात ती माझ्यापुढं आहे. "चार अध्यायांत काम तमाम. तुझ्या चारशे पानांसारखं नाही."

आणि तिनं ते असं सांगितलं की बेथलेहेम गिरीजच्या पलीकडे असावं. नामी म्हातारी, विधवा. सून रूथ विधवा. घरात दाणा नाही, म्हणून रूथ सातूच्या शेतात राहिलेली कणसं वेचायला जाते. शेत बवाजचं. बवाज काही तरणाताठा नव्हता. तू तरुणांच्या मागं गेली नाहीस म्हणून तोच तिचं कौतुक करतो. मग नामी सुनेला म्हणते, न्हा, अत्तर लाव, चांगलं नेस आणि जा त्याच्याकडे. त्याचं खाणंपिणं होईपर्यंत मात्र दिसू नकोस.

"काय डोकं बाईचं! भुकेल्या पुरुषापुढं लग्नाचा विषय काढू नये, हे तिला ठाऊक. आणि पाठवलं कुठं? खळ्यावर." मावशीनं काठीनं स्वतःच्या खळ्यातल्या मिरच्या दाखवल्या. "तिथं पण जमिनीचं लचांड होतंच. आणखी एक जवळचा नातेवाईक, त्याचा हक्क आधी. बवाज वेशीत जाऊन बसला, गावची दहा वडीलधारी माणसं बोलावली, त्या माणसाला म्हणाला, जमीन सोडव, पण रूथही करावी लागेल. तो म्हणाला, नको रे बाबा, माझंच वतन बिघडायचं. पायातली वहाण काढून दिली आणि सुटला. हे तुझं कलम 69."

"आणि बाळ झाल्यावर?"

"बाळाचं नाव कुणी ठेवलं सांग! आईनं नाही, बापानं नाही. शेजारणींनी. लिहिलंय तसं. आणि तो दावीद राजाचा आजा झाला." मावशीनं काठी जमिनीवर आपटली. एक कोंबडी विनाकारण पळाली.

ऊन उतरायला लागलं होतं. तिनं खाली वाकून मिरच्या परतल्या. मला मघापासून एक शंका होती ती मी विचारली. "मावशी, एवढी सगळी माहिती, साखरेच्या रांगेपासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत. तुझा काही..."

"माझा? हॅट! माझा नवरा अजून महिन्याला हजार रुपये देतो." काका कंपनीत होते, पीएफच्या 1995 च्या योजनेची विधवा पेन्शन तिला मिळते, सगळ्यात खालची, आणि ती दुसरं लग्न केलं की थांबते. "हजार रुपये देतो, वेळेवर देतो, आणि घोरत नाही. असला नवरा सोडून कोण जाईल?"

मी हसले. तीही हसली, पण तिचं हसणं जरा लवकर संपलं. मिरच्या परतत परतत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "विचारलं होतं एकानं. काकांना जाऊन सहा वर्षं झाली होती तेव्हा."

मी मेंदीत घुसले. "कुणी?"

"नाव नाही."

"मावशी!"

"नियम तुझाच ना?"

"बरं, काय म्हणालीस?"

"म्हटलं, पोरीचं होऊ दे आधी. पोरीचं झालं. मग म्हटलं, पोराचं होऊ दे."

"आणि?"

"त्याचं कुठं झालंय अजून?"

तेवढ्यात मासेवाली फाटकाशी आली आणि मोत्या उठला. तो भुंकायला लागला की पापडीच्या नाक्यापर्यंत ऐकू जातं. मावशीला मिटफोर्डची आठवण झाली. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिनं तेविसावं स्तोत्र पहिल्यापासून म्हणायला घेतलं. अर्धं झालं तरी मोत्या हटेना. मासेवाली बिचारी डोक्यावर टोपली घेऊन, भक्तिभावानं की भीतीनं कोण जाणे, स्तब्ध उभी. "मराठीतलं त्याला लागू पडत नाही," असं म्हणून मावशीनं काठी उगारली, तेव्हा तो आंब्याखाली गेला.

बोंबील घेऊन झाले. मासेवाली गेली. मावशी पुन्हा स्टुलावर टेकते न टेकते तोच फाटकाबाहेर एक स्कूटर येऊन थांबली. जुनी, बजाजची. पुढं पाय ठेवायच्या जागी गोणपाट, त्यात रिकाम्या बिअरच्या बाटल्या खळखळत होत्या, मसाला भरायला लागतात त्या, स्वच्छ धुतलेल्या, लेबलंसुद्धा खरवडून काढलेली.

मोत्या उठला. शेपटी हलवत फाटकापर्यंत गेला आणि तिथंच आडवा झाला.

मी मावशीकडे बघितलं. तिनं काठी कुंपणावरून माझ्या हातात दिली.

"बघतेस काय? मिरच्यांकडे लक्ष ठेव."